भिकुबाईचा आ

ब्राह्मणपुरीत भिकुबाईच्या तोंडाला सगळी गल्ली वचकून होती. तिनं ओट्यावरून हाक मारली की तिचा नवरा, दोधू पाटील, तीन बांध पलीकडं पाण्याची मोटर बंद करून घराकडं निघायचा. भाजीवाल्यानं एकदा किडकी वांगी दिली, तर पुढं महिनाभर तो बिचारा गाडी पलीकडच्या गल्लीनं वळवत होता. बाई साठीला टेकलेली, कणा ताठ, आणि ताठा तर विचारूच नका. 'माझं चुकलं' हे शब्द तिच्या तोंडून आजवर कुणी ऐकले नव्हते. दोधू पाटलांनीही नाही, आणि त्या बिचाऱ्यानं चाळीस वर्षं वाट पाहिली होती.

पण श्रावण आला की ह्याच तोंडावाचून गल्लीचं पान हलायचं नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमची खानदेशातली देवी, घरात बसते. आदल्या दिवशी, शनिवारी, तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी गहू मोजायचे असतात. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं एकेक मूठ सुपात टाकायची, आणि मूठ टाकताना त्याचं नाव घालून ओळ म्हणायची. ओळ म्हणणारी एक, झेलणाऱ्या बाकीच्या. पाटलांच्या भाऊबंदकीत ओळ म्हणायचा मान भिकुबाईचा. तिच्या सासूनं मरणाआधी सगळ्यांसमक्ष तो तिच्या पदरात घातला होता. एरवी नवऱ्याचं नाव न घेणारी ही बाई त्या दिवशी 'दोधू' असा मोकळा सूर लावायची की दोधू पाटील बाहेर ओट्यावर लाजून उपरण्यानं तोंड पुसायचे.

ओळ झेलायची ती पहिल्यांदा गुलाबबाईनं. ही भिकुबाईची थोरली जाऊ, भाऊबंदकीत सगळ्यांत मोठी. पण मागच्या वर्षी गुलाबबाईला लकवा मारला. बी.पी.च्या गोळ्या चालू होत्या, बरं वाटायला लागलं म्हणून तिनं आपल्या मनानं बंद केल्या, आणि एका सकाळी चुलीपुढं बसल्या जागी कलंडली. मेंदूतली नस गेली असं डॉक्टर म्हणाले. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. आता तिची सून रूपा तिला खुर्चीत बसवते, तिथं ती दिवसभर बसून असते, सगळं कळतं पण बोलता काही येत नाही. भिकुबाई तिच्याकडं गेली की दोन मिनिटांत उठून यायची. जावेचं ते मिटलेलं तोंड तिला बघवत नसे.

आणि आता तिचं स्वतःचं तोंड मिटायला लागलं होतं.

हे कुणाला ठाऊक नव्हतं. भिकुबाईला सुपारीचं व्यसन, लग्नाआधीपासूनचं. भाजकी सुपारी गालात धरली की सकाळची दुपार व्हायची. गेली दोनेक वर्षं तिखट लागलं की तोंडात आग व्हायची, मग भाकरीचा घास लहान लहान होत गेला, मग भाकरी दुधात कुस्करणं आलं. घरात विचारलं तर म्हणायची, "दात दुखस." दात एकही दुखत नव्हता. जबडाच उघडत नव्हता.

आषाढात समोरच्या मंगलाबाईकडं लेकीचं डोहाळजेवण होतं. मंगलाबाई म्हणजे भिकुबाईची चुलत जाऊ, आणि दोघींचं सख्य असं की एकीनं पापड वाळत घातले तर दुसरी आभाळाकडं बघायची. बायांनी आग्रह केला, भिकुबाई उठली, पदर खोचला आणि सूर लावला. पण 'आ' कुठं निघतो! जबडा अर्ध्यावर अडला, आवाज दातांमधून चिरडून बाहेर आला, आणि ओळ संपायच्या आत तिला खोकला काढावा लागला.

बायांनी माना खाली घातल्या. मंगलाबाई मात्र तत्परतेनं पाणी घेऊन आली. "घसा बसना व्हई, बहीन," ती म्हणाली. "वय व्हयनं आपलं. यंदा मुठीस्नं गानं मी म्हनसू. तू आराम कर."

'आराम कर' ह्या दोन शब्दांनी भिकुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन तिनं मोरीतल्या आरशासमोर तोंड उघडून पाहिलं. बोट घातलं, एक मावलं. दुसरं आडवंतिडवं करूनही शिरेना. ती तशीच मोरीच्या कट्ट्यावर बसून राहिली. सासूनं दिलेला मान आपल्या हयातीत त्या मंगलाबाईच्या पदरात पडणार, ह्या विचारानं तिला रडू आलं, आणि रडतानासुद्धा तोंड धड उघडेना म्हणून आणखी रडू आलं.

आता गंमत बघा. ज्या घरात ही बाई तोंड लपवत फिरत होती, त्या घरात दातांची डॉक्टर राहत होती. भिकुबाईचा मुलगा योगेंद्र म्हसावदच्या शाळेत शिक्षक, आणि त्याची बायको चेतना शहाद्याला दवाखाना चालवायची. अख्ख्या तालुक्यानं चेतनासमोर तोंड उघडलं होतं, फक्त सासू सोडून. रागवायला भिकुबाई सुनेपुढं हवं तेवढं तोंड उघडे, पण दाखवायला? सुनेच्या खुर्चीत मान मागं टाकून, लाळ गाळत, जबडा वासून पडायचं? मग उद्या घरात आपला शब्द कोण ऐकणार? शेजारीपाजारी कुणी सुनेचं कौतुक केलं तर ती म्हणायची, "दातंवाली शे. दातं उपाडस." एवढंच.

पण मंगलाबाईच्या त्या पाण्याच्या पेल्यानं काम केलं. रविवारी दवाखाना बंद असतो. दुपारी सगळे आडवे झाल्यावर भिकुबाई सुनेच्या खोलीत आली, दार लोटलं आणि उभ्या उभ्या म्हणाली, "दख. पन हासानं नही."

चेतना हसली नाही. बॅटरी लावून तिनं आत पाहिलं, गालात बोट फिरवलं. गुलाबी असायचा तो गाल आतून पांढुरका पडला होता आणि सुतळी ताणावी तसे पट्टे हाताला लागत होते.

"आई, कदयपासून शे हाई?" तिनं विचारलं.

"व्हई, होळीपासून."

"ह्या होळीपासून का मागली?"

"व्हई कोन्ती तरी. होळीस्ले काय तोटा शे."

चेतनानं मग बी.पी.चं मशीन काढलं. वरचा आकडा एकशे ऐंशीला टेकला. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी रोज घेता ना, असं विचारल्यावर भिकुबाईनं छताकडं पाहिलं. डोकं दुखनं का लेस, म्हणाली. चेतना पलंगाच्या कडेला बसली आणि शांतपणे बोलू लागली. एरवी घरात ती सगळ्यांसारखीच अहिराणी बोलायची, पण डॉक्टर झाली की भाषा शाळेतली व्हायची. ते भिकुबाईला अजिबात आवडत नसे, पण त्या दिवशी तिनं ऐकून घेतलं.

"सुपारीनं हे पट्टे झालेत. आज बंद केली नाही तर उद्या याचं भलतंच काही होऊ शकतं. पट्टे कापायची वेळ आली तर हे बी.पी. घेऊन कुणी भूल देणार नाही. म्हणून गोळी रोज घ्यायची आणि जबडा रोज ताणायचा. मी पातळ लाकडी काड्यांची जुडी बांधून देते. मागच्या दातांमध्ये धरायची, तोंड उघडं ठेवायचं आणि दहा मिनिटं स्वस्थ बसायचं. थोडं सैल झालं की जुडीत एक काडी वाढवायची."

"नि त्यानी बी.पी. उतरी?"

चेतनानं तिच्या दंडावरचा पट्टा सोडला. "परदेशात यावर अभ्यास चाललाय. जबडा ताणून धरला की तिथली एक मोठी नस मेंदूला निरोप देते. उंदरांमध्ये असं दिसलं की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या त्यानं सैल होतात, रुंदावतात, आणि बी.पी. नंतरही काही वेळ उतरलेलं राहतं. थोड्या माणसांतही तसं आढळलंय. पण ते अजून पक्कं नाही, आई. त्याच्या भरवशावर गोळी सोडायची नाही."

"उंदिरस्नं बी.पी. कोन मोजस?" भिकुबाई म्हणाली. "दंड तरी शे का त्यास्ले?"

"शेपटीले पट्टा बांधतस."

भिकुबाईला हसू फुटलं. जेवढं तोंड उघडत होतं तेवढं ती हसली. मग लगेच आवाज कडक करून तिनं अट घातली, हे कुणाला सांगायचं नाही, योगेंद्रलाही नाही. आणि कनवटीची सुपारीची डबी आणि माहेरचा पितळी अडकित्ता काढून सुनेच्या पलंगावर ठेवून ती निघून गेली.

पुढचे आठ दिवस घरानं काय सोसलं ते घरालाच ठाऊक. सुपारी सुटलेली भिकुबाई म्हणजे पिलांना कुणी हात लावल्यावरची मांजर. दूध उतू गेलं तर दोधू पाटलांची चूक, लाइट गेली तरी त्यांचीच. पण जुडी तिनं सोडली नाही. सकाळी अंघोळ झाल्यावर आणि दुपारी सगळे निजल्यावर ती देवघरात जायची, दार लोटायची, भिंतीशी ताठ बसायची आणि काड्या दातांत धरायची. गिळली जाऊ नये म्हणून चेतनानं जुडीला धागा बांधला होता, तो ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर लोंबायचा. डोळ्यांतून पाणी यायचं, हनुवटीवरून लाळ ओघळायची, गाल ठणकायचे. सकाळी दवाखान्यात जायच्या आधी चेतना समोर बसायची. हनुवटीखाली मऊ फडकं धरायची, लाळ टिपायची आणि तोंडातून चकार शब्द काढायची नाही. भिकुबाईला वाटलं होतं, सुनेच्या डोळ्यांत किळस दिसेल, नाहीतर कीव. दोन्हीपैकी काही दिसलं नाही. ज्या मनानं ती शेताच्या मजुराचा दात बघायची त्याच मनानं सासूचा जबडा बघत होती, आणि त्याचा भिकुबाईला आधी राग आला आणि नंतर फार मोठा आधार वाटला.

जुडी जाड होत गेली. काड्या काढल्यावर अंग कसं सैल, हलकं वाटायचं, कानात घुमणारा तो जुना आवाज थांबायचा. बी.पी. हळूहळू उतरलं. भिकुबाईनं विचारलं, हे काड्यांचं ना? चेतना म्हणाली, "गोयी रोज चालू शे, पापड-लोनचं बंद शे, सुपारी सुटनी. कसानं किती, माले सांगता येवाव नही." पण भिकुबाईनं आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं की हे काड्यांचंच. भाकरी आता ती कोरडी मोडून खाऊ लागली. पहिल्यांदा ठेच्याबरोबर भाकरी खाल्ली त्या दिवशी सगळ्यांना ऐकू जाईल असा तिनं घास चावला.

तर असा तो कानबाईचा शनिवार उजाडला.

मुठी मोजायला बाया भिकुबाईकडंच जमायच्या. चेतना सकाळचे पेशंट उरकून दुपारपर्यंत येणार होती. भिकुबाईचा उपास होता. तिनं डोक्यावरून पाणी घेतलं, ओले केस मोकळे सोडले आणि बाया यायच्या आत शेवटचं एकदा ताणून घ्यावं म्हणून देवघरात शिरली. समोर कानबाईसाठी मांडलेला चौरंग होता, समई तेवत होती. तिनं जुडी धरली, डोळे मिटले आणि स्वस्थ बसली. घाईत कडी लावायची राहिली.

मंगलाबाई नेहमीप्रमाणे बोलावलेल्या वेळेआधी आली. 'कोठे शे वं?' म्हणत तिनं देवघराचं दार ढकललं. आणि पाहते तर काय, भिकुबाई समईच्या उजेडात ताठ बसलेली, केस मोकळे, डोळे मिटलेले, त्यातून धारा लागलेल्या आणि जबडा हा असा वासलेला. काड्या गालाच्या आत होत्या, धागा ओल्या केसांत हरवला होता. मंगलाबाईच्या हातातलं ताट खाली पडलं.

"वं माय," ती म्हणाली. "कानबाई उनी. भिकुबाईना आंगमा उनी."

आता आमच्याकडं कानबाईचं वारं अंगात येणं ही काही बातमी नव्हे. दरवर्षी ते मंगलाबाईच्याच अंगात यायचं, यंदा पहिल्यांदा भिकुबाईच्या आलं, हीच काय ती बातमी होती. क्षणात देवघर बायांनी भरलं. कुणी कपाळाला हळदीकुंकू लावलं, कुणी ओटीत नारळ ठेवला. भिकुबाई आधी संतापली. काड्या ओढून काढून सगळ्यांना बाहेर घालवावं असं तिला वाटलं. पण तेवढ्यात तिच्या पायाला काहीतरी लागलं. पापणी किलकिली करून पाहिलं तर मंगलाबाईचं डोकं. 'आराम कर' म्हणणारी मंगलाबाई तिच्या पायावर पडली होती.

खरं सांगायचं तर भिकुबाईला बरं वाटलं. फार बरं वाटलं. तिनं पापणी पुन्हा मिटून घेतली.

बाया विचारू लागल्या. एकीनं विचारलं, लेकीचं यंदा जमेल का. भिकुबाई गप्प. "जमी, पन सबूर कर म्हनस माय," दुसरीनंच अर्थ लावला. एकीनं बोअरला पाणी लागेल का म्हणून विचारलं, त्याचंही उत्तर बायांनी आपसात देऊन टाकलं. भिकुबाईला एक अक्षर बोलावं लागलं नाही. देवी होणं इतकं सोपं असतं हे तिला ठाऊक नव्हतं.

मग रूपाचा आवाज आला. ती गुलाबबाईला खुर्चीसकट उचलून आणवून उंबऱ्यापाशी बसवून आत आली होती.

"माय, मन्ही सासू सालभर खुर्चीमा शे," रूपा रडवेली होऊन म्हणाली. "रोज बी.पी.न्या गोया देस. काही फरक नही. एक भगत सांगस, गोया बंद कर, मन्हा अंगारा दे, बोलाले लागी. माय, गोया बंद करू का?"

भिकुबाईचे डोळे खाडकन उघडले. समोर उंबऱ्यात गुलाबबाई, वाकडी मान, तिच्याकडंच रोखून बघणारी. नाही म्हणायला भिकुबाईनं जीभ हलवली, तर तोंडात लाकूड. धागा सापडावा म्हणून तिनं चटकन मान खाली घातली.

"मान हालनी," मंगलाबाई म्हणाली. "हो म्हने माय. कौल दिन्हा."

रूपानं डोळे पुसले. कनवटीला खोचलेली गोळ्यांची पाकिटं काढली आणि भिकुबाईच्या पायाशी वाहिली. वर चिमूटभर कुंकू टाकलं.

लपवायचं कशाला, भिकुबाईच्या मनात हेही येऊन गेलं की संध्याकाळी रूपाला बाजूला घेऊन गुपचूप सांगता येईल. कुणाला कळणार नाही, पायावरचं मंगलाबाईचं डोकंही पायावर राहील. पण तिला आपलं गाव माहीत होतं. देवीनं हलवलेली मान भिकुबाईनं संध्याकाळी फिरवली, तर ऐकणार कोण? रूपा आजची गोळी देणार नाही. आणि मागच्या वर्षी चुलीपुढं काय झालं ते ह्या घरानं डोळ्यांनी बघितलं होतं.

तिनं धागा शोधला आणि ओढला. लाळेनं चिंब झालेली काड्यांची जुडी तिच्या तळहातावर पडली. हनुवटीपासून हातापर्यंत लाळेची तार लोंबत राहिली, आणि सगळ्या भाऊबंदकीनं ती पाहिली.

"देवी नही," ती म्हणाली. "मी शे. भिकुबाई."

मंगलाबाई चटकन मागं सरकली.

"सुपारी खाई खाई मन्हा जबडा बंद पडना व्हता. बोट जात नव्हतं. हाई मन्ह्या सूननी दवाई शे. मान हालनी ती धागा काढाले हालनी, कौल नव्हता तो. रूपा, उचल त्या गोया. तुन्ही सासू गोया सोडीसनच पडनी, अंगारानी उठाव नही. आजनी गोयी आजच दे." भिकुबाईनं पदरानं हनुवटी पुसली. पुढचं बोलायला तिला जबड्याइतकाच जोर लावावा लागला. "नि तुम्ही पाया पडी ऱ्हायनात, तव्हय माले ग्वाड लागी ऱ्हायनं व्हतं. मी गप बठनू. मन्हं चुकनं."

बाहेर ओट्यावर दोधू पाटील ताडकन उभे राहिले. आपण नीट ऐकलं का, हे विचारायला जवळ कुणी नव्हतं.

मंगलाबाई मात्र लालबुंद झाली होती. जिच्या पायावर डोकं ठेवलं ती देवी नसून भिकुबाई निघाली, हा घाव लहान नव्हता. "कानबाईना चौरंगपुढं नाटक करस?" ती म्हणाली. "लाळ गळस त्या तोंडनं, नि देवीनं गानं म्हनशीन? यंदा मुठी मी टाकसू. इचारा कोनले बी."

दोनचार बायांनी माना डोलावल्या. तेवढ्यात भिकुबाईला दारात चेतना दिसली, खांद्याला पर्स, हातात हेल्मेट. कधी आली होती कोण जाणे, पण चेहऱ्यावरून कळत होतं की सगळं ऐकलंय.

"चेतना, आठे ये," भिकुबाई म्हणाली. "बॅटरी काढ."

सुनेनं बॅटरी लावली, आणि भिकुबाईनं भरल्या घरात, सगळ्या जावा-सुनांसमोर मान मागं टाकून तोंड उघडलं. मोठं, मनापासून. मग आपलीच तीन बोटं उभी करून दातांमध्ये धरून दाखवली. बाया पुढं सरकल्या. मंगलाबाई रागावलेली होती तरी तीही वाकली, कारण बघण्यासारखं काही असलं आणि मंगलाबाईनं पाहिलं नाही असं होत नाही. पाहता पाहता तिची जीभ आपसूक स्वतःच्या गालात फिरायला लागली. सुपारी तीही खायची.

"पहिले येकच बोट जात व्हतं," भिकुबाई म्हणाली. "आते दखा. हाई मन्ह्या सूननं काम शे. रोज मन्ही लाळ पुसस ती. मी तिले दातंवाली म्हनू. डाक्टर शे ती. मोठी डाक्टर शे."

चेतना बॅटरी बंद करायची विसरली. लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती, आणि हे वाक्य घरात पहिल्यांदा बोललं गेलं होतं.

तरी मुठींचा प्रश्न होता तिथंच होता. गव्हाचं पोतं आणि रिकामं सूप उंबऱ्याशी पडलं होतं, आणि कुणी हात पुढं करत नव्हतं. तेव्हा उंबऱ्यातून सरपटल्याचा आवाज आला. गुलाबबाई खुर्चीतून वाकली होती. चांगला असलेला डावा हात लांबवून तिनं सुपाची कड पकडली आणि जोर लावून ते भिकुबाईच्या पुढ्यात सरकवलं. मग रूपाकडं बघून बोटानं पायाशी पडलेली पाकिटं दाखवली आणि हात आपल्या तोंडाकडं नेला. भाऊबंदकीतली ती सगळ्यांत मोठी बाई. तिच्यापुढं बोलायचं कुणी आणि काय? मंगलाबाई पदर सावरून खाली बसली. रूपानं पाकिटावरचं कुंकू पुसलं, गोळी काढली आणि पाणी आणायला गेली.

भिकुबाईनं पहिली मूठ भरली.

"मूठ टाकू वं माय, दोधूनी वं..."

सूर निघाला. पूर्वीइतका लांब नव्हता, शेवटी जरा खरखरला, पण 'आ' पुरा होता, गोल होता, आणि तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला. बाहेर ओट्यावर दोधू पाटलांनी उपरणं शोधलं.

"भरेल ऱ्हावो वं माय, घरनी कनगी," बायांनी ओळ झेलली.

दुसरी मूठ योगेंद्राची पडली, तिसरी नातवाची, चंदनची. घरातले पुरुष संपले. आता सूप पुढच्या घरासाठी सरकवायचं, तर भिकुबाईनं आणखी एक मूठ भरली. चांगली दाबून भरली, दाणे बोटांमधून गळत होते.

"हाई कोनी?" मंगलाबाईनं विचारलं. "सरना तुन्हा घरना मानसं."

"सरना नही," भिकुबाई म्हणाली. तिनं दारात उभ्या असलेल्या सुनेकडं पाहिलं, मान वर केली आणि सूर लावला.

"मूठ टाकू वं माय, चेतनानी वं..."

ओळ संपली आणि झेलायला कुणी तयार नव्हतं. सुनेच्या नावाची मूठ ह्या भाऊबंदकीत कुणी टाकली नव्हती, मग तिला काय म्हणायचं? बाया एकमेकींकडं बघू लागल्या. गुलाबबाईनं आपला डावा हात उचलला आणि खुर्चीच्या दांड्यावर थापटला. एकदा, मग पुन्हा, जुन्या ठेक्यात. रूपानं पाण्याचा पेला तसाच हातात धरून ओळ उचलली, मग बाकीच्यांनी, आणि शेवटी मंगलाबाईनं, तीही सगळ्यांत मोठ्यानं.

"भरेल ऱ्हावो वं माय, घरनी कनगी."

भिकुबाईची ओळ तोवर कधीच संपली होती. तरी तिनं आपला आ मिटला नाही. सगळ्यांनी नीट बघावं म्हणून तो तसाच उघडा ठेवला.